तुझ्या लाडकीला टोचलेली सुई

आई,

आज तुझी लाडकी भेटली. सकाळी दहाला आमच्या हॉस्पिटलात आली. फिकट जांभळी साडी, जाड काचांचा चष्मा, भांगाजवळ एक पांढरी बट. पण जिना चढली ती तशीच, दोन-दोन पायऱ्या एकदम, जशी तुझ्या दवाखान्यात चढायची आणि तू खालून "अगं, पडशील" म्हणून ओरडायचीस. मला तू असं कधी म्हणाल्याचं आठवत नाही. मी जिने नीट चढायचे.

ती आता राहुरीकडे एका नर्सिंगच्या शाळेत प्राचार्य आहे. दोन मुली, शिक्षक नवरा, देवळाली प्रवऱ्यात घर. आमच्या मेट्रननी तिला स्टाफसमोर बोलायला बोलावलं आणि बोलावण्याचं पत्र मला टाईप करावं लागलं. मी इथे नगरला काय करते हे तुला ठाऊक नाही. तू गेलीस तेव्हा मी साधी वॉर्डातली सिस्टर होते. आता वॉर्डावॉर्डातून फिरायचं, वापरलेल्या सुया कुठे टाकल्या जातात ते बघायचं, कुणाला टोचली तर पुढचं सगळं सांभाळायचं, हे माझं काम आहे. नव्या पोरींना पहिल्याच दिवशी सांगते, सुईवर टोपण परत लावायचं नाही, ती थेट पांढऱ्या जाड डब्यात टाकायची. तू स्वयंपाकघरात बसून मला इंजेक्शन शिकवलंस ते अगदी उलट. दोन बोटांत टोपण धर, अलगद बसव, मग ट्रेमध्ये ठेव. तेव्हा सगळेच तसं करायचे. तिला टोचली तीही तशीच.

तिला बोलवायची वेळ आली ती आमच्या सफाईच्या मावशींमुळे. गेल्या महिन्यात कुणीतरी घाईघाईत सुई कापसाच्या पिशवीत टाकली आणि मावशींनी पिशवी दाबून गाठ मारायला घेतली. सुई तळहातात घुसली. त्यांनी हात पदराला पुसला आणि वरचा व्हरांडा पुसायला गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी चहाच्या वेळी त्या कप डाव्या हाताने धरताना दिसल्या, म्हणून मी म्हटलं, "मावशी, हात बघू."

"काय न्हाई ताई. काटा घुसला हुता."

"कुठला काटा? इथं फरशीवर?"

मग त्या रडायलाच लागल्या. "ताई, तुमच्या पाया पडते, कुनाला सांगू नका. पोरगी नांदायला गेलीया, सा म्हैनं झालं. तिच्या सासरी कळलं तर माझ्या हातचं पानी घ्यायचे न्हाईत ते."

मी त्यांचा हात वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने धुतला, रक्त घेतलं, डॉक्टरांशी बोलून त्याच दुपारी गोळ्या चालू केल्या. सुई कुठल्या पेशंटची होती ते शेवटपर्यंत कळलं नाही, त्यामुळे थांबण्यात अर्थ नव्हता. पहिला रिपोर्ट चांगला आला आहे, पुढचे बाकी आहेत. आणि डॉक्टर सोडून कुणालाही सांगितलं नाही; मेट्रनना फक्त एवढंच, की कुणाला तरी सुई टोचली आणि तिने ती लपवली. फॉर्मचा लिफाफा मी दोनदा चिकटवला, वर टेपही लावली. मावशींना वाटलं, ताईंना आपलीच काळजी. मी मनाने मात्र तेव्हा आपल्या जुन्या क्वार्टरच्या दारात बसले होते, हातात बारावीची मार्कलिस्ट घेऊन.

तुझी ती नवी सिस्टर आपल्याकडे आली तेव्हा मी बारावीचा अभ्यास करत होते. श्रीगोंद्याच्या पुढचं आपलं गाव, ट्रस्टचा वीस खाटांचा दवाखाना, त्यात तू मोठी सिस्टर. बाबा दुसऱ्या तालुक्यात शाळेवर, शनिवारी येणार. म्हणजे घरात तू आणि मी. त्यातही माझ्या वाट्याला तू कितीशी यायचीस! ती बावीस वर्षांची, कोर्स संपवून थेट आलेली, शेजारच्या खोलीत राहायला. पहिल्या आठवड्यातच तू तिला आपल्याकडे जेवायला घेऊन आलीस. "हिच्या हाताला गुण आहे," तू म्हणालीस. लहान मुलांच्या हाताची शीर तिला एका टोचणीत सापडायची. मी तुला माझी वही दाखवत होते, बेडकाच्या हृदयाची आकृती, रंगीत पेन्सिलींनी काढलेली. तू म्हणालीस, "चांगली आहे." आणि तिच्या ताटात दुसरी भाकरी वाढलीस. मी ती भाकरी अजून विसरलेले नाही. हसू नकोस.

कारखान्याचा हंगाम संपायला आला होता. ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडे परतायच्या बेतात होत्या आणि दवाखान्यात गर्दी होती. एक तरणा माणूस खोकून खोकून पार खंगलेला आला. तिने त्याला शिरेतून इंजेक्शन दिलं, टोपण लावायला गेली, तेवढ्यात तो उठून बसला आणि त्याचा धक्का लागला. सुई टोपणातून निसटून डाव्या अंगठ्यात गेली. तिने रक्त पिळून काढलं, स्पिरिट ओतलं. तेव्हा असंच करायचे, आज मी कुणाला करू देणार नाही. दुपारी त्या माणसाच्या बायकोने पिशवीतून जुना रिपोर्ट काढून तुझ्यासमोर ठेवला. त्याला एचआयव्ही होता. तू तो वाचलास, घडी घातलीस, बाईला दिलास आणि सरळ एस.टी. स्टँडवर गेलीस. रात्री शेवटच्या गाडीने नगरहून गोळ्या घेऊन परत. अंगावर अजून युनिफॉर्म होता. मला एवढंच म्हणालीस, "ती आजपासून आपल्याकडे झोपेल. तुझ्या कॉटवर. आणि हे घराबाहेर जाऊ द्यायचं नाही."

महिनाभर ती माझ्या कॉटवर होती आणि मी बाहेरच्या खोलीत चटईवर. त्या गोळ्या तिला पचत नव्हत्या. सकाळी गोळी घेतली की अर्ध्या तासात मोरीत जाऊन ओकायची. एकदा ओकताना ती "आई गं" म्हणाली. दुखलं-खुपलं की सगळेच म्हणतात. पण तू चुलीजवळून, म्हणजे आपल्या गॅसजवळून, हातातलं पीठ न झटकता धावलीस आणि म्हणालीस, "आले गं, आले." मी दारातून बघतेय. तू तिच्या पाठीवरून हात फिरवतेयस, तिच्या ब्लाउजवर पिठाची पाच बोटं उमटली आहेत. मला ताप आला की तू डोक्यावर पट्टी ठेवायचीस, थर्मामीटर लावायचीस, तक्ता लिहावा तसं बाबांना सांगायचीस. पण पाठीवर हात? नात्यातल्या बायका म्हणायच्या, "हिला काय अंगावर पाजलं न्हाई, नर्सबाईला वेळ कुठला." मला ते खरं वाटायचं. वाटायचं, तुझ्यातली आई दवाखान्यातच संपते, घरी येतो तो फक्त युनिफॉर्म. आणि आता दिसलं की संपत नाही. उरते. ती दुसऱ्या कुणाला तरी द्यायची असते.

गोळ्या संपल्या. दीड महिन्याने तपासणी करायची होती. तीच तारीख माझ्या निकालाची निघाली. मी आदल्या दिवशी दोनदा सांगितलं, "आई, उद्या निकाल आहे." तू म्हणालीस, "आहे ना लक्षात. पण हिला एकटीला कशी पाठवू?" सकाळी सातच्या गाडीने तुम्ही दोघी गेलात. मी एकटी कॉलेजात गेले, रांगेत उभी राहिले, मार्कलिस्ट घेतली. फर्स्ट क्लास होता, बायोलॉजीत कॉलेजात दुसरी. आजूबाजूच्या पोरींच्या आया त्यांना जवळ घेत होत्या, कुणी पेढे घेऊन आली होती. मी घरी आले, कुलूप काढलं आणि कागद हातात घेऊन दारातच बसले.

तेवढ्यात ती बाई आली. तुझ्या लाडकीचं लग्न ठरलं होतं, साखरपुडा झाला होता, मुलगा कारखान्यात क्लार्क. त्याची मावशी आपल्याच गावात राहायची. काकडीचा वाटा घेऊन आली होती, सहज.

"व्हय गं, आई न्हाई का घरात?"

"नगरला गेलीय."

"आज तुझा निकाल ना? अन् आजच गेली?"

हे तिने नसतं विचारलं तर, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. पण तिने साधंच विचारलं होतं. मीच म्हणाले, "तुमच्या सुनेला घेऊन गेलीय. रक्त तपासायला."

"कसलं रक्त गं?"

"तिला सुई टोचली ना. एड्सच्या पेशंटची."

बाईने काकड्या तिथेच पायरीवर ठेवल्या आणि गेली. मला तेव्हा वाईट वाटलं नाही, हे लिहायला हवं. मला बरं वाटलं. छातीतून काहीतरी उतरल्यासारखं. दुपारी मी त्यातलीच एक काकडी मीठ लावून खाल्ली.

तुम्ही दोघी परत आलात, तिचा रिपोर्ट चांगला होता. तू पेढे आणले होतेस. आणि तू दारातून आत आलीस ती सरळ माझ्याकडे. माझा चेहरा दोन्ही हातांत धरलास आणि कपाळाचा मुका घेतलास. माझ्या आठवणीतला तुझा पहिला. मला वाटलं, निकालाच्या दिवशी सोडून गेलीस त्याची भरपाई करतेयस. मी मान फिरवली. तू हात काढून घेतलेस आणि पेढ्यांचा पुडा सोडायला लागलीस.

चार दिवसांत साखरपुड्याची साडी परत मागायला माणूस आला. ती तिच्या खोलीत जाऊन बसली, ड्युटीपुरती बाहेर यायची, कुणाशी बोलायची नाही. तू मला काही विचारलं नाहीस. फक्त रोज दुपारी डबा भरून माझ्या हातात दिलास. "तिला नेऊन दे. ती जेवेपर्यंत तिथं बस." महिनाभर. मी मनातल्या मनात चरफडायचे, आता हिची मोलकरीणही मीच. पुढे तिचे सगळे रिपोर्ट चांगले आले, वर्षाने ती बदली घेऊन गेली, मी नर्सिंगला लागले. तू शिक असं म्हणाली नव्हतीस, मीच अर्ज भरला. का, ते मला आज कळतंय, आणि तुलाही कळलंच असेल.

आज ती साठ जणांसमोर उभी राहिली आणि सुरुवातच केली, "मला पहिल्या नोकरीत सुई टोचली होती." नाव-गाव काही न घेता सगळं सांगितलं. लग्न मोडलं तेही, अगदी सरळ आवाजात. म्हणाली, "माझ्यावर एकदाही न ओरडता माझ्याबरोबर बसणारी एक सिस्टर मला मिळाली, म्हणून मी आज इथं आहे. तुम्हाला टोचली तर लपवू नका. आणि दुसऱ्याला टोचली तर तोंड बंद ठेवा." शेवटच्या रांगेत आमच्या मावशी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मी भिंतीला टेकून उभी होते. तुझी गोष्ट ती सांगत होती आणि मी ऐकणाऱ्यांत होते.

नंतर माझ्या खोलीत चहा घेताना ती म्हणाली, "आज सिस्टरांची स्वतःची सुईसुद्धा सांगणार होते. पण म्हटलं, तुला न विचारता नको."

"कुठली सुई?"

तिने कप खाली ठेवला. "तुला माहीत नाही?"

मग तिने सांगितलं. मी तुझ्या पोटात होते, सातवा महिना. काचेच्या सिरिंजा उकळून वापरायचे दिवस. काविळीने अत्यवस्थ असलेल्या एका बाईची सुई तुझ्या बोटात गेली, आणि ती बाई तिसऱ्या दिवशी वारली. तपासणी नाही, लस नाही, विचारायला कुणी नाही. तू कुणाला सांगितलं नाहीस, बाबांनाही नाही. मी झाले तेव्हा तू मला अंगावर घेतलं नाहीस, माझी वाटी-चमचा वेगळा उकळायचीस, माझा मुका घ्यायची नाहीस. आपल्यातलं काही पोरीला जाऊ नये म्हणून. पुढे तपासण्या निघाल्या तरी तुला हिंमत झाली नाही. अठरा वर्षं! त्या दिवशी नगरच्या लॅबच्या बाकावरून ती उठायलाच तयार नव्हती, तेव्हा तू तिला हे सगळं सांगितलंस आणि म्हणालीस, "थांब, मीपण देते रक्त. दोघींचं एकदमच होऊ दे." दुपारी दोन रिपोर्ट आले. दोन्ही चांगले. ती म्हणाली, "सिस्टर रिपोर्ट हातात घेऊन रडत होत्या. एस.टी.त सारखं एकच, आता घरी जाऊन पोरीला जवळ घेते."

आई, मी तिथे खुर्चीत बसून हे ऐकलं, आणि मला आधी काय वाटलं असेल? तुझी दया नाही आली. मला वाटलं, हेसुद्धा तिलाच. तुझी सगळ्यात मोठी भीती माझ्याबद्दलची होती, आणि ती तू तिला दिलीस. बाकावर शेजारी बसायला तिला सुई टोचावी लागली. मला काय टोचायला हवं होतं?

आणि म्हणून मी बोलले. पश्चात्तापाने बोलले असं लिहिलं तर खोटं होईल. तिच्याकडे तुझं एवढं होतं, तर माझ्याकडेही काहीतरी आहे, एवढंच मला दाखवायचं होतं. मी म्हणाले, "तुझं लग्न माझ्यामुळे मोडलं. त्या बाईला मी सांगितलं."

ती जराही दचकली नाही. "माहीत आहे गं," म्हणाली. "साडी न्यायला आलेला माणूस त्यांना बोलून गेला होता. त्याच आठवड्यात सिस्टरांनी मला सांगितलं. माझ्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, माझ्या पोरीनं केलंय, तिच्याऐवजी मी माफी मागते, पण तू तिला कधी बोलून दाखवू नकोस."

"आणि मला का नाही बोलली ती?"

"मी विचारलं होतं तसं. म्हणाल्या, लहानपणी जवळ घेतलं नाही मी तिला. आता रागवायला कुठल्या तोंडानं जाऊ?"

खाली रस्त्यावर रिक्षावाले कॅन्टोन्मेंट, कॅन्टोन्मेंट ओरडत होते. मी उठून खिडकी लावली. मग तीच हसून म्हणाली, "पहिले चार दिवस तुझ्यासमोर मी घास गिळत नव्हते, आठवतं? थोबाडीत द्यावीशी वाटायची तुझ्या. मग एका दुपारी तू काही न बोलता माझ्या केसांचा गुंता सोडवायला बसलीस. तिथं गेला राग."

मला ते अजिबात आठवत नाही. चरफडणं आठवतं, डब्याचं झाकण आठवतं, गुंता आठवत नाही. ती खोटं बोलत असेल का? तुझ्यासारखीच, मला सांभाळून घ्यायला? पण तू तर मला सांभाळूनही घेतलं नाहीस समोरासमोर. एक थोबाडीत तरी मारायचीस. मी रडले असते, तू ओरडली असतीस, तोंडातून सगळं बाहेर आलं असतं, आणि अठरा वर्षांचं ते ओझं मी स्वयंपाकघरात तुझ्याच तोंडून ऐकलं असतं. तू माझ्यासाठी तिच्यापुढे हात जोडलेस. तेही तिनेच पाहिले, मी नाही.

दोन दिवसांनी मावशींची पुढची तपासणी आहे, मी त्यांच्याबरोबर बसणार आहे. त्यांनी विचारलं तर तुझी गोष्ट सांगेन बहुतेक. आता ती मला ठाऊक आहे. हे पत्र पाठवायला पत्ता नाही आणि कुणाला दाखवायची माझी इच्छाही नाही, म्हणून आणखी एक लिहून टाकते.

जाताना ती जिन्यात थांबली. "सिस्टरांचा एखादा फोटो आहे का गं? माझ्याकडे एकही नाही. मुलींना दाखवला असता." मी म्हटलं, "घर बदलताना सगळे गेले. बघते, पण नसेल." ती म्हणाली, "असू दे," आणि माझ्या गालाला हात लावून खाली उतरून गेली.

कपाटात तुझे नऊ फोटो आहेत, आई. एकात तर तुम्ही दोघी आहात.